उसने गडी

मनुष्याच्या अनेक निष्ठांपैकी जिच्यापासून त्याला यत्किंचितही लाभ होत नाही अशी एकच निष्ठा आमच्या पाहण्यात आहे, आणि ती म्हणजे खेळातल्या एखाद्या संघावरची. देवाची भक्ती केली तर पुण्याची आशा असते; राजकीय पक्षाचा झेंडा खांद्यावर घेतला तर निदान नगरपालिकेच्या एखाद्या समितीची असते. परंतु पाचोऱ्यासारख्या गावी बसून, सुमारे पावणेचारशे किलोमीटर दूर असलेल्या मुंबईच्या संघासाठी जो गृहस्थ मे महिन्याच्या उकाड्यात मध्यरात्रीपर्यंत जागतो, त्याच्या पदरी दुसऱ्या दिवशीच्या डोकेदुखीखेरीज काहीही पडत नाही. आम्ही अशा गृहस्थांपैकी आहोत. अठ्ठावीस वर्षे महाविद्यालयात इंग्रजी नाटके शिकवून ज्यांचे चित्त स्थिर झाले असावे असा विद्यार्थ्यांचा समज आहे, ते आम्ही एखादा झेल सुटला असता खुर्चीवरून उठून उभे राहतो, आणि घरातील मंडळी याकडे आता लक्षही देत नाहीत.

वास्तविक नियमाप्रमाणे पाहू गेल्यास मुंबई आमची नव्हेच. क्रिकेटच्या नकाशावर आपल्या राज्याचे तीन तुकडे आहेत: मुंबई, विदर्भ आणि उरलेला तो महाराष्ट्र. खानदेश या उरलेल्यात मोडतो आणि त्याचे ठाणे पुण्यास आहे. त्या महाराष्ट्र संघाचा अभिमान आम्हांस नाही असे कोणी समजू नये. १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे ज्या संघाने रणजी करंडक जिंकला, त्याचे कर्णधार दि. ब. देवधर हे संस्कृतचे प्राध्यापक होते, आणि त्या वेळी ते पन्नाशीच्या उंबरठ्यावर उभे होते. आमच्या व्यवसायातील माणसाला मैदानावर याहून मोठा मान मिळाल्याचे आम्हांस स्मरत नाही. ज्या प्राध्यापकांना जिना चढताना धाप लागते, त्यांच्यापुढे हे उदाहरण आम्ही नेहमी ठेवीत आलो आहोत. परंतु अभिमान ही एक गोष्ट आणि ओढ ही दुसरी. पाचोऱ्याहून पुण्यास जावयाचे तर मनमाडला वळावे लागते. मुंबईस गाडी सरळ जाते. लहानपणी जी गाडी फलाटावरून रोज मुंबईच्या दिशेने जाताना पाहिली, तिच्याबरोबर आमचे मनही गेले आणि ते परत आलेच नाही.

शिवाय पुण्याने आमचा एकदा मोठा विरस केला. आयपीएलच्या व्यापात पुण्याचा एक संघ २०११ ते २०१३ नांदला आणि मोडला. पुढे २०१६ साली दुसरा उभा राहिला, तोच मुळी दोन वर्षांच्या बोलीवर; निलंबित झालेल्या दोन संघांची जागा भरावयाची होती एवढ्यासाठी. २०१७ च्या अंतिम सामन्यात हा संघ मुंबईकडून अवघ्या एका धावेने हरला. हरलेल्या संघाचा चाहता दुसऱ्या वर्षी उट्टे काढण्याच्या आशेवर जगत असतो. येथे दुसरे वर्षच उजाडावयाचे नव्हते. ज्या संघासाठी दुःख करावयाचे तो संघच मुदत संपून नाहीसा झाला.

मुंबईवरचे आमचे प्रेम सुखात वाढलेले नाही, हेही सांगितले पाहिजे. १९९१ च्या मे महिन्यात, आम्ही पदवीचे विद्यार्थी असताना, वानखेडे मैदानावर रणजीच्या अंतिम सामन्यात हरियाणाने मुंबईपुढे ३५५ धावांचे आव्हान ठेवले. सचिन तेंडुलकरने ९६ केल्या. दिलीप वेंगसरकर १३९ वर नाबाद राहिले, आणि शेवटचा गडी धावबाद होऊन मुंबई दोन धावांनी हरली. वेंगसरकर मैदानावरच रडले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातले त्यांचे ते छायाचित्र वसतिगृहाच्या भिंतीवर कोणी तरी चिकटवले होते, आणि त्याच्याखाली एकाने 'आपण' एवढाच शब्द पेन्सिलीने लिहिला होता. तो शब्द लिहिणारा मुलगा यावल तालुक्यातला होता. त्याने तोवर मुंबई पाहिलीही नव्हती.

आता २०२५ च्या उन्हाळ्याकडे वळू. ज्या वाचकांना या खेळाचा नाद नाही त्यांच्यासाठी थोडे गणित सांगणे भाग आहे. संघ दहा, प्रत्येकाचे साखळीतले सामने चौदा, विजयाला दोन गुण. पहिले चार संघ पुढच्या फेरीत जातात, त्यांतही पहिल्या दोघांना एकदा हरण्याची सवलत आणि तिसऱ्या-चौथ्याला ती नाही. गुण सारखे झाले तर निव्वळ धावगती नावाचा दशांश अपूर्णांक न्याय करतो. हा अपूर्णांक ज्याने बारकाईने पाहिला नाही त्याला चक्रवाढ व्याजाचे भय काय हे कळणार नाही. मुंबईने पहिल्या पाच सामन्यांपैकी चार गमावले. आमचे शेजारी, रेल्वेतून निवृत्त झालेले गार्डसाहेब, त्या दिवसापासून कॅलेंडरच्या पाठीमागे गुणांचा तक्ता मांडू लागले. त्यानंतर मुंबईने लागोपाठ सहा सामने जिंकले. गार्डसाहेबांची बोलण्याची तऱ्हा गाड्यांची असल्यामुळे त्यांनी निर्वाळा दिला, की गाडी उशिरा सुटली खरी, पण वेळ भरून काढते आहे. पुढचा सामना गुजरातने शेवटच्या चेंडूवर हिसकावला.

आणि मग ९ मे रोजी सारेच थांबले. सीमेवर तोफा चालू झाल्या असता धावगतीचा विचार करणे कोणासही शोभले नसते, आणि त्या आठवड्यात आम्ही तो केलाही नाही. आमच्या गल्लीतील एका घरचा मुलगा सैन्यात आहे. त्याच्या आईच्या दारावरून जाताना आवाज खाली आणून बोलावे, एवढेच त्या दिवसांत सुचत असे. शस्त्रसंधी झाली, १७ मे रोजी खेळ पुन्हा सुरू झाला, आणि माणसाचे मन किती लवकर पूर्वपदावर येते पाहा: २१ तारखेस मुंबई-दिल्लीचा सामना लागला तेव्हा त्याच आईने आमच्या येथे निरोप धाडला, की दूरचित्रवाणीचा आवाज जरा मोठा ठेवा, म्हणजे पापड लाटताना ऐकू येईल.

तो सामना म्हणजे खऱ्या अर्थाने निकालाचा होता. मुंबईचे चौदा गुण, दिल्लीचे तेरा. चौथी जागा एकच. अठरा षटकांपर्यंत मुंबईची धावसंख्या इतकी बेताची होती, की गार्डसाहेब तक्ता घडी करून निघण्याच्या बेतात होते. शेवटच्या दोन षटकांत सूर्यकुमार यादव आणि नमन धीर यांनी ४८ धावा काढल्या. सूर्यकुमार ७३ वर नाबाद, मुंबई १८०; आणि दिल्ली १२१ वर आटोपली. ज्या दिल्लीने हंगामाचे पहिले चार सामने ओळीने जिंकले होते ती बाहेर, आणि जिने पाचांपैकी चार गमावले ती मुंबई आत.

आता खरी गंमत पुढे आहे. मध्ये पडलेल्या खंडामुळे हंगाम जूनपर्यंत लांबला आणि परदेशी खेळाडूंना आपापल्या देशांची बोलावणी आली. दक्षिण आफ्रिकेचे रिकल्टन आणि बॉश लॉर्ड्सवरील कसोटी अजिंक्यपदाच्या लढतीसाठी निघाले, इंग्लंडचा विल जॅक्स स्वदेशी परतला. त्यांच्या जागी मुंबईने जॉनी बेअरस्टो, रिचर्ड ग्लीसन आणि चरिथ असलंका यांना आणले. नियम असा, की असे हंगामी गडी पुढच्या वर्षासाठी राखून ठेवता येत नाहीत. म्हणजे शुद्ध उसनवारी! लग्नघरी शेजाऱ्यांची भांडी आणावी, पंगत उठली की घासून परत करावी, तसे. अमेरिकेत बेसबॉल नावाचा जो खेळ आहे, तेथे ही उसनवारी मोठ्या शिस्तीने चालते असे वाचले आहे. जुलैच्या अखेरीस एक शेवटची तारीख नेमलेली असते; तोपर्यंत ज्या संघाची आशा मावळली आहे तो आपले अनुभवी गडी आशा असलेल्या संघास देऊन टाकतो आणि बदल्यात कोवळी पोरे घेतो. आपला कोरडवाहू शेतकरी पावसाने दडी मारली म्हणजे पोसलेली बैलजोडी बागायतदारास विकून गोऱ्हे विकत घेतो, तोच हा व्यवहार. तेथल्या चाहत्याने सकाळी उठावे तो कालचा आपला गोलंदाज आज प्रतिपक्षाच्या टोपीत उभा!

गार्डसाहेबांना ही उसनवारी मुळीच रुचली नाही. "भाड्याच्या बैलाने पोळा करायचा का, सर?" असे ते म्हणाले. पूर्वीचे दिवस निराळे होते, तेव्हा गडी मातीचे असत, असा त्यांचा सिद्धांत. आम्हांस इतिहासाची थोडी आवड असल्यामुळे हा सिद्धांत तसाच जाऊ देणे जिवावर आले. मातीचे गडी कोणत्या काळी होते? विजय हजारे सांगलीचे. १९३९-४० साली महाराष्ट्राकडून खेळताना त्यांनी पुण्यास बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा काढल्या. बडोद्याने त्यावर काय करावे? थोड्याच अवधीत हजारे बडोद्याच्या संघात दाखल झाले! आणि १९४७ च्या अंतिम सामन्यात गुल महंमद यांच्याबरोबर त्यांनी ५७७ धावांची जी भागी केली ती बडोद्यासाठी, होळकरांच्या संघाविरुद्ध. होळकरांचा संघ तरी कोठे इंदूरच्या मातीतून उगवला होता? कर्नल सी. के. नायडू नागपूरचे. १९४५ च्या अंतिम सामन्यात तर होळकरांकडून इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन खेळला, कारण युद्धामुळे तो हिंदुस्थानात लष्करी चाकरीवर होता. त्याने नाबाद २४९ धावा केल्या आणि तरीही मुंबई ३७४ धावांनी जिंकली. संस्थानिकांच्या पदरी गवई असत, मल्ल असत, तसे फलंदाजही असत. फरक एवढाच, की त्या काळी सौदा खानदेशच्या बैलबाजारातल्याप्रमाणे रुमालाखाली बोटे दाबून होई, आणि हल्ली तो हातोडा आपटून सर्वांसमक्ष होतो. आमच्या मते हल्लीची रीत अधिक प्रामाणिक आहे.

बेअरस्टोची गोष्ट तर याहून मौजेची. तो यॉर्कशायरचा. आपल्या परगण्याच्या सीमेत जन्मलेल्यांखेरीज कोणासही संघात घ्यावयाचे नाही, असा त्या परगण्याचा सोवळा बाणा पिढ्यान्‌पिढ्या होता. १९९२ साली हे सोवळे सुटले, आणि परदेशातून जो पहिला गडी त्यांनी आणला तो मुंबईचा एकोणीस वर्षांचा सचिन तेंडुलकर. तेव्हा तेहतीस वर्षांनी यॉर्कशायरचा एक गडी दोन सामन्यांसाठी मुंबईस आला, तर त्याला उसनवारी म्हणावे की परतफेड, हे आम्ही गार्डसाहेबांस विचारले. त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला आणि तक्त्याकडे पाहत राहिले.

३० मे रोजी नवे चंदीगड येथे मुंबईची गाठ गुजरातशी पडली. हरेल तो घरी. आणि येथे आम्हांस घरातली एक गोष्ट सांगावी लागते. आमचे चिरंजीव गेली सहा वर्षे सुरतेस नोकरीस आहेत. खानदेशातून सुरतेस जाणे म्हणजे काही देशांतर नव्हे. ताप्तीच्या खोऱ्यातून गेलेल्या लोहमार्गाने आमच्याकडची हजारो माणसे पोटासाठी तेथे गेली, आणि सुरतेच्या काही वस्त्यांतून चालताना अहिराणी इतकी कानी पडते की आपण अमळनेरात आहोत असे वाटावे. चिरंजीव लहान असताना याच खोलीत, याच खुर्चीच्या दांडीवर बसून मुंबईसाठी ओरडत असत. सामना चालू असता फोन करण्याची आमची बापलेकांची जुनी रीत आहे. त्या रात्रीही फोन आला.

मुंबईने २२८ केल्या होत्या. उसन्या बेअरस्टोने २२ चेंडूंत ४७ झोडपल्या. रोहित शर्माने ८१ केल्या, आणि त्याला आरंभीच दोन जीवदाने मिळाली होती. त्यांतला एक झेल गुजरातच्या यष्टिरक्षकाने सोडला. तो कुसल मेंडिसही उसनाच, स्वदेशी गेलेल्या बटलरच्या जागी त्या दिवशी प्रथमच उभा राहिलेला. त्यांचा उसना झेल सोडतो आणि आमचा उसना चौकार मारतो, असा दैवाचा खेळ. तरीही गुजरात हटत नव्हता. साई सुदर्शन आणि वॉशिंग्टन सुंदर यांनी असा काही धडाका लावला, की आमच्या घरात पाणी प्यावयास कोणी उठेना. मग बुमराने तो चेंडू टाकला. सुंदरच्या पायाशी पडला, फलंदाज कोलमडला आणि यष्टी उडाली. आम्ही उठून उभे राहिलो होतो. त्याच क्षणी फोनमधून आवाज आला,

"गेला, आप्पा! आमचा वॉशिंग्टन गेला!"

आमचा. हा शब्द ऐकून आम्ही क्षणभर काही बोललो नाही. मराठीत या शब्दाची एक सोय आहे, ती इंग्रजीत नाही, हे आम्ही वर्गात किती तरी वेळा सांगितले आहे: ऐकणाऱ्याला आत घेणारा तो 'आपला', त्याला बाहेर ठेवणारा तो 'आमचा'. व्याकरणाचा हा भेद फळ्यावर लिहिणे निराळे आणि स्वतःच्या मुलाच्या तोंडून ऐकणे निराळे.

"तू केव्हापासून तिकडचा झालास?" आम्ही विचारले.

"तसं नाही, आप्पा. ऑफिसात सगळे त्यांचेच. तिथं बसून एकट्यानं मुंबई मुंबई कसं करायचं? आणि खरं सांगू का, आता आवडायला लागलंय."

गुजरात २० धावांनी हरला. नंतर आईकडे फोन गेला, जेवलास का वगैरे झाले, आणि अखेरीस तो परत आमच्याकडे आला. उधन्याकडे एक घर पाहिले आहे, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. बँकेचे कर्ज मिळते आहे, परंतु सुरुवातीची रक्कम कमी पडते. भडगाव रस्त्यावरचा प्लॉट काढला तर जमेल. हा प्लॉट आम्ही तो दहावीत असताना हप्त्याहप्त्याने, त्याच्याच नावे घेतला होता. त्यावर कडुनिंबाची दोन झाडे आहेत. त्यांना पहिली तीन वर्षे सायकलवरून डबा नेऊन आम्ही पाणी घातले आहे. "तुम्ही नाही म्हणालात तर नाही," तो म्हणाला. हे वाक्य तो लहानपणापासून बोलतो, आणि त्याच्यापुढे नाही म्हणणे आम्हांस कधीही जमलेले नाही. आम्ही म्हणालो, दिवाळीनंतर पाहू.

त्या रात्री विजय होऊनही झोप नीट लागली नाही. २०२३ च्या नोव्हेंबरात हार्दिक पंड्या गुजरातकडून मुंबईस आला, पुढच्याच महिन्यात पाच करंडक मिळवून देणाऱ्या रोहितच्या जागी कर्णधार झाला, तेव्हा वानखेडेवर त्याची जी हुर्यो उडवली गेली ती आठवली. त्या वर्षी मुंबई चौदांपैकी चारच सामने जिंकून तळाला गेली. पण २०२४ च्या जूनमध्ये विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शेवटचे षटक त्यानेच टाकले, आणि ४ जुलै रोजी त्याच वानखेडेवर, त्याच लोकांनी त्याच्या नावाचा जयघोष केला. गडी आपला कशाने होतो? जन्माने म्हणावे तर पंड्या मुंबईचा कधीच नव्हता. कराराने म्हणावे तर करार हुर्यो उडवण्याच्या वेळीही होताच. आमच्या महाविद्यालयातून किती हुशार तरुण अध्यापक भर सत्रात शहरांकडे निघून गेले. त्यांतल्या एकाचे नावही विद्यार्थी आता घेत नाहीत, आणि दुसरा, दोनच वर्षे येथे राहिलेला, त्याची आठवण अजून दरवर्षी निघते. आम्ही स्वतः पाचोऱ्याचे, परंतु आमचे आजोबा पोटासाठी येवल्याहून येथे आले. येवल्यास त्यांच्या नावे कोणी हळहळले असेल काय, हे आज विचारण्यास कोणी उरले नाही.

१ जून रोजी अहमदाबादेस पावसाने दोन तासांहून अधिक काळ खोळंबा केला आणि सामना मध्यरात्रीनंतर संपला. मुंबईच्या २०३ धावा पंजाबने एक षटक राखून पार केल्या. कोणी? श्रेयस अय्यरने, ४१ चेंडूंत नाबाद ८७. हा श्रेयस मुंबईचा. सहा महिन्यांपूर्वीच मुंबईचा कर्णधार म्हणून त्याने सय्यद मुश्ताक अली करंडक जिंकला होता, आणि पंजाबने त्याला लिलावात २६ कोटी ७५ लाखांना घेतला होता. मुंबईचा गडी मुंबईला बाहेर काढतो आणि यॉर्कशायरचा मुंबईसाठी लढून हरतो! अंतिम सामन्यात पुढे बंगळूरने पंजाबला सहा धावांनी हरवले, पण त्यात आमचे चित्त नव्हते. गार्डसाहेबांनी तक्ता फाडला नाही. त्याच्या कोऱ्या जागेत किराण्याचा हिशेब लिहिला.

मग नोव्हेंबर आला. १५ तारीख ही संघांनी कोणास ठेवावयाचे आणि कोणास सोडावयाचे हे कळविण्याची शेवटची तारीख होती, आणि त्या सुमारास जी अदलाबदल जाहीर झाली तीत भल्याभल्यांचे बस्तान हलले. रवींद्र जडेजा चेन्नई सोडून राजस्थानास गेला, संजू सॅमसन राजस्थान सोडून चेन्नईस. अर्जुन तेंडुलकर लखनौस गेला. पालघरचा शार्दूल ठाकूर लखनौहून मुंबईस आला, म्हणजे एका परीने घरी. गुजरातचा शेरफेन रदरफोर्ड हाही मुंबईकडे आला. त्या शनिवारी चिरंजीवांचा मोबाइलवर निरोप आला: "आप्पा, आमचा रदरफोर्ड तुमच्याकडे दिलाय. नीट सांभाळा."

आम्ही उलट लिहिले, की गडी पोचला. प्लॉटला गिऱ्हाईक आले आहे, भाव बरा आहे, कागद तयार करून ठेवले आहेत, नाताळच्या सुटीत येऊन सही करून जावे. त्या दिवसांत बाजारात भरिताची वांगी चांगली येतात, हेही खाली लिहावयास त्याच्या आईने सांगितले; म्हणून तेही लिहिले.